मुकी फियाट

टक् टक्. पितळी पेल्याचं बूड शहाबादी फरशीवर दोनदा आपटलं आणि सकाळपासून कुणी शब्दही न काढलेल्या त्या घरात वेणूनं स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. एकदा आपटलं तर पाणी, दोनदा आपटलं तर चहा. आज रविवार, म्हणजे हरिचंद्र घरात. आणि मुलगा घरात असला की वेणूचे सासरे चंदरमामा बोलण्याचं काम शक्यतो पेल्याकडूनच करून घ्यायचे. तो सायकलवर टांग टाकून कंपनीत गेला, की मग त्यांचं तोंड नळ सोडल्यासारखं सुरू व्हायचं.

पेल्याला जमण्यासारखं नसेल तेव्हा मात्र वेणूला मधे घ्यावं लागे.

"वेणू, तुज्या नवऱ्याला इचार, चिमीच्या लग्नाला गाडी कुनाची सांगितलीय."

हरिचंद्र चार हातांवर उंबऱ्यात बसून वायरचं टोक सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "त्यांना सांग, गाडी दारात उभी हाय."

"ती गाडी नाय, पेटी हाय. सांग त्याला."

"सांग, पेटी वीस किलोमीटर चालते."

वेणू चहा गाळत होती. पहिले काही महिने ती खरोखरच इकडचं तिकडे सांगायची. मग तिच्या लक्षात आलं की दोघांनाही सगळं नीट ऐकू येतंय. तिनं फक्त मधे उभं राहायचं. ती परसात गेली की बोलणं तिथंच थांबायचं, परत आली की उरलेलं वाक्य पुरं व्हायचं.

मागच्या दारी सूप घेऊन बसलेली चिमी, चंदरमामांची धाकटी लेक, खुदकन हसली. "वैनी, तू माहेरला जाशील तवा हितं एक खांब पुरून जा. त्याला सांगतील दोगं."

वेणूही हसली. पण तांदळातला खडा दाताखाली यावा तसं तिला ते लागलं. चिमीचं लग्न वीस दिवसांवर आलं होतं. सासू तर वेणूनं पाहिलीच नव्हती. ती चिमीच्या लहानपणीच गेलेली. चिमी गेल्यावर या घरात हसायला दुसरं कोण होतं? सहा वर्षांची वृंदा, आणि हे दोघे. जे काही सांधायचं ते चिमी घरात असेतोवरच, असं वेणूनं मनाशी धरलं होतं. नंतर ते हाडासारखं जसं जुळेल तसं जुळेल, वाकडं तर वाकडं.

भांडण गाडीवरून होतं.

चंदरमामा तरुणपणी अंबरनाथच्या एका कारखान्यात मोठ्या साहेबांचे ड्रायव्हर होते. एकोणऐंशी साली साहेब कायमचे मद्रासला गेले, तेव्हा गाडी न्यायची दगदग नको म्हणून त्यांनी चावी चंदरमामांच्या हातावर ठेवली. फिकट हिरवी, गोल पाठीची, नाक पुढं काढलेली जुनी फियाट. मुंबईपासून बदलापूरपर्यंत सगळे त्या गाडीला डुक्कर फियाट म्हणायचे, पण चंदरमामांसमोर हा शब्द काढलेला माणूस पुन्हा त्यांच्या ओसरीवर बसलेला कुणी पाहिला नव्हता. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यालाच. पुढची सीट सलग, बाकासारखी. काचेच्या कडेला एक तिकोनी खिडकी, ती वळवली की वारा नेमका ड्रायव्हरच्या गळ्यावर. आत रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि साहेबांच्या सिगारचा मिळून एक वास होता. सिगारचा वास साहेबांनंतर दहा वर्षं टिकला.

त्या काळात बदलापूरजवळच्या त्यांच्या सोनिवली गावात दुसरी गाडी नव्हती. पहिल्या वर्षी कुणाची तरी नवरी या गाडीतून सासरी गेली, आणि मग प्रत्येकच नवरी जाऊ लागली. ठरवलं कुणीच नव्हतं. चंदरमामा एक नारळ घ्यायचे, बाकी काही नाही. धुतलेला सदरा घालून स्वतः चालवायचे. इंजिनाचा आवाज एवढा की नवरी नदीपलीकडं असतानाच सासरच्या बायका ताट तयार करायला उठत. वेणू स्वतः एकोणनव्वद साली वांगणीच्या बाजूच्या आपल्या गावाहून याच गाडीतून आली होती. त्या प्रवासातलं तिला फारसं काही आठवत नव्हतं. खालून पायांना लागणारी धग, आणि डोक्यात भरून राहिलेली घरघर.

नव्वदनंतर इंजिन धूर ओकायला लागलं. दोनदा उघडून झालं, तिसऱ्यांदा उघडायला कुणी तयार होईना. गाडी दारातून हलायची बंद झाली. तरी रोज सकाळी दात घासून झाले की चंदरमामा जाऊन बसत, बटण दाबत, आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवत. आळीतली शाळेची पोरं त्या आवाजावर उठायची.

आणि हरिचंद्र? तो त्याच गाडीला फडकं मारत मोठा झाला होता. अंबरनाथच्या आनंदनगरातल्या कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागला, तेव्हा तिथं माल वाहायची एक बॅटरीवरची गाडी त्याच्या ताब्यात आली. दीड-दोन टन माल घेऊन ती मांजरीसारखी चालायची. ते बघून त्याच्या डोक्यात जे शिरलं ते निघालंच नाही. वृंदा तान्ही असताना तिला पायावर झोपवता झोपवता तो वेणूला सांगायचा, "इंजिन मेलं तरी बॉडी सोन्यासारखी हाय गो. बॉडी भंगारात घालायची? आत मोटर टाकली, बॅटऱ्या टाकल्या, की गाडी पुन्यांदा उभी ऱ्हाईल. पेट्रोल काय जन्मभर पुरनार हाय का दुनियेला? एक दिवस सगळ्याच गाड्या अशा व्हनार. तवा लोक आपल्या दारात बघायला येतील." वेणूला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण सांगताना त्याचा एक हात मुलीच्या पाठीवर थोपटत असायचा आणि दुसरा हवेत मोटर बसवत असायचा, ते तिला आवडायचं.

चार वर्षं मागं लागून त्यानं कंपनीतून बाद झालेल्या तसल्याच गाडीची मोटर मिळवली. ती जळालेली होती. मग आला गेल्या वर्षीचा जून. चंदरमामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उल्हासनगरला झालं आणि पाच दिवस ते तिकडंच राहिले. त्या पाच दिवसांत हरिचंद्रनं रजा टाकली, तीन बांबूंचा तिपाया उभा केला, साखळीनं इंजिन उचललं आणि टेम्पोत घालून उल्हासनगरातच कॅम्प पाचला नेलं. तिथला मोटर वाइंडिंगवाला सिंधी शेठ म्हणाला, "साईं, इंजन मेरेको दे दो, मोटर मैं भर देता हूँ." शेठनं जुन्या मोटरीत नवं तांबं भरून दिलं. वर विचारलं, "कल को पानी पे चलाओगे क्या?"

हरिचंद्रचा हिशोब सरळ होता. बाच्या डोळ्यावरची पट्टी सुटेल तेव्हा बाला पहिली दिसेल ती चालणारी गाडी.

पण पाच दिवसांत मोटर बसली नाही. चंदरमामा डोळ्यावर हिरवी झापड लावून घरी आले, आणि घरात न शिरता आधी गाडीत जाऊन बसले. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग उतरून, चाचपत बॉनेट उघडलं आणि हात आत घातला. हात खाली गेला, आणखी खाली गेला.

"कुटं गेलं?" त्यांनी विचारलं.

"कॅम्प पाचला," हरिचंद्र म्हणाला.

बापलेकांमधलं ते शेवटचं बोलणं. त्याला आता अकरा महिने होत आले होते.

गाडी चालली ती या मार्चमध्ये. हरिचंद्रनं ट्रकच्या सहा बॅटऱ्या बसवल्या, चार बॉनेटखाली, दोन डिकीत. एका रविवारी त्यानं ती रस्त्यावर काढली. वेणू ओट्यावर उभी होती. गाडी निघाली ते तिला झाड सरकायला लागल्यावर कळलं. टायरखालची खडी तेवढी चुरचुरत होती. डोंगरावरच्या वाडीतला धाकलू लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन चालला होता. गाडी त्याच्या पाठीशी वीतभर अंतरावर गेली तरी त्याला पत्ता नाही. हरिचंद्रनं भोंगा वाजवला आणि मोळी एकीकडं, धाकलू दुसरीकडं गटारात.

उठून त्यानं अंग झटकलं. मग गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "भूत आसला तरी आदी खाकरतं."

त्या दिवसापासून गावात गाडीचं नाव मुकी पडलं. चंदरमामांना ते ऐकून बरं वाटलेलं वेणूला दिसलं. "मुकी गाडी मयताला चालंल," ते ओसरीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नवरीला नाय. मी जीप सांगनार."

चिमीनं यावर कुणापुढंच काही म्हटलं नाही. विहिरीवर दोघीच असताना मात्र कळशी विसळत म्हणाली, "वैनी, गावच्या सगळ्या पोरी बाच्या गाडीतून गेल्या. बानं नेल्या. मी पाटीमागं बसून सगळ्यांना सोडून आले. मना जीप नको. आनि गाडीत बा नसंल तर ती गाडीबी नको."

"मग काय सासरी अंबरनाथला चालत जाशील?"

"तसं म्हन," चिमी म्हणाली आणि कळशी उचलून कमरेवर घेतली.

लग्नाच्या आठ दिवस आधी गोदूबाई आली. चंदरमामांची थोरली विधवा बहीण. ती धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणायची बाई लागते, तशी ती. नवरी निघाली की ती नवरीच्या शेजारी गाडीत बसायची, वेशीपर्यंत शेवटचा धवला गायची, आणि वेशीवर उतरून एकटीच मागं चालत यायची. चंदरमामांच्या गाडीतून गेलेल्या प्रत्येक नवरीजवळ ती बसली होती.

पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "गाडी कंची?"

"जीप," चंदरमामा म्हणाले.

"दारातली नाय चालत?"

"चालते. पन मुकी हाय. आवाज नाय तिला."

गोदूबाईनं वेणूच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला, अर्धा प्यायली, उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं. "चंदर, मी तुज्या गाडीत किती नवऱ्या घालवल्या?"

"असतील तीस-चाळीस."

"त्यांतल्या एकीला जरी माजा धवला आयकू आला असंल तर मी हितनं मागं फिरते. घसा फुटंस्तवर गायली मी. तुजं इंजिन घरघर घरघर. पोरींना वाटायचं, आत्याबाय जांभया देते." ती वेणूकडं वळली. "काय गो, तू आलीस त्याच गाडीत, तुज्या गावच्या वेशीपर्यंत मीच व्हते तुज्या बाजूला. सांग बरं, काय गायले मी?"

वेणूला सांगता येईना. तिला आठवत होते ते हलणारे ओठ, मांडीवरचा आपलाच हिरव्या चुड्याचा हात, आणि घरघर.

"बघ," गोदूबाई म्हणाली. "सोळा वर्सं मी सायलेन्सरला धवलं गाऊन दाखवलं. आता देवानं त्याचं तोंड बंद केलंय तर हा जीप सांगतोय."

चंदरमामा उठून परसात गेले. दोन दिवस पेलाही वाजला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हरिचंद्र सायकल काढत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

"वेणू, सांग तुज्या नवऱ्याला. गाडी मी चालवीन."

हरिचंद्रची सायकल तिथंच थांबली. "सांग त्यांना," तो म्हणाला, "सुरू करताना क्लच नाय लागत."

"सांग त्याला, मना शिकवू नको."

वेणू हातातलं पीठ तसंच घेऊन मधे उभी होती. त्या दिवशी तिच्या भाकऱ्या फुगल्या की करपल्या, तिला आठवत नाही.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, वीज गेली. मांडवात दीडशे माणूस. गाणी लावणाऱ्या भोंगेवाल्यानं आपली बॅटरी लावली, ती अर्ध्या तासात आचके द्यायला लागली आणि गाणं म्हाताऱ्यासारखं रेंगाळत बंद पडलं. मांडवात शांतता. आगरी हळद आणि शांतता. लोक एकमेकांकडं बघायला लागले. हरिचंद्र गॅसबत्त्या आणायला स्टेशनकडं गेलेला.

वेणू हळदीचं ताट घेऊन गाडीजवळून जात होती. तिथं चंदरमामा उभे होते, डिकीवर हात टेकून. अकरा महिन्यांत त्यांनी गाडीला हात लावलेला तिनं पहिल्यांदा पाहिला.

"किती बॅटऱ्या हायत गो यात?"

"सहा, मामा."

"एक घेतली भोंग्याला, तर?"

हरिचंद्रनं बजावून ठेवलं होतं, भरलेल्या बॅटऱ्यांना कुणी हात लावायचा नाही. तिला ते आठवलं. पण त्याच वेळी तिला दिसत होता तो डिकीवरचा हात. गाडी धुवायच्या आधी ते पूर्वी ठेवायचे तसा, पंजा पुरता उघडून.

"घ्या की," ती म्हणाली. "सहांतली एक. काय व्हतंय तेवढ्यानं?"

गाडी तिथंच राहिली, बॅटरी तिथंच राहिली, डिकीतून दोन वायरी मांडवात गेल्या. भोंगा पुन्हा गायला लागला आणि माणसं पांगेपर्यंत गातच राहिला. हरिचंद्र गॅसबत्त्या घेऊन आला तेव्हा त्याला वाटलं, भोंगेवाल्याचीच बॅटरी असेल. सकाळी तो गाडीचा काटा बघत असताना वेणू दोनदा त्याच्यापाशी गेली. काटा ठीक होता. तो शीळ घालत होता. दोन्ही वेळा ती हळदीचे डाग पडलेल्या फडक्याबद्दल काहीतरी बोलली आणि परत आली.

दुपारी लग्न लागलं. नवरा हेमचंद्र, आनंदनगरच्याच एका कंपनीत स्टोअरकीपर, घर अंबरनाथ गावात. उन्हं कलल्यावर वऱ्हाडाचा ट्रक पुढं गेला आणि मुकीची दारं उघडली. चंदरमामा धुतलेला सदरा घालून स्टेअरिंगवर बसले. शेजारी वृंदा, तिच्या पलीकडं हरिचंद्र. मागं हेमचंद्र, चिमी, गोदूबाई, आणि पाठराखीण म्हणून वेणू. चंदरमामांनी पाय दाबला आणि वाट बघत राहिले. गाडी चालायला लागून दोन घरं मागं पडली, तेव्हा कुठं त्यांनी घाईनं स्टेअरिंग सावरलं.

गोदूबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि धवला सुरू केला. सवयीनं ती ओरडूनच गायला लागली. दुसऱ्या ओळीला तिच्या लक्षात आलं आणि तिनं आवाज खाली आणला. मग ती नुसतं सांगितल्यासारखं गाऊ लागली. आगरात मीठ पिकलं, पांढरं ढीग ढीग. बापानं राखलं, भावानं पोत्यात भरलं. घाटावरचा बैलवाला आला नि घेऊन गेला. आता घाटावर सगळ्यांच्या भाकरीत ते आहे, पण कुणी हाक मारली तर ओ कोणत्या पोत्यातून येईल.

हेमचंद्र मुंडावळ्या हातात धरून बाहेर बघत बसला. चिमीनं आधी वेणूचा हात धरला, मग सोडला, मग तोंडावर पदर घेतला. वेणूच्या मनात आलं, माझ्या वेळीही हेच होतं. हेच शब्द माझ्या कानापासून हातभर अंतरावर होते. ते तेव्हा ऐकू आले असते तर बरं झालं असतं की नाही, हे तिला ठरवता येईना. पुढं चंदरमामांची मान ताठ होती. आरशात त्यांचा चांगला डोळा तेवढा दिसत होता, आणि तो रस्त्यावर होता.

वेशीवर गोदूबाई उतरली. चिमीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "जा बाय." भावाला म्हणाली, "आयकलास ना?" आणि चालू लागली.

रेल्वेचं फाटक ओलांडलं. तिथून पुढं रस्ता चढाला लागतो. अर्ध्या चढावर गाडी मंदावली, मग आणखी मंदावली, आणि काहीही न बोलता उभी राहिली. चंदरमामांनी ब्रेक दाबून धरला.

हरिचंद्र उतरला. चाकाखाली दगड लावले, खिशातून टेस्टर काढला, बॉनेटखालच्या चारही बॅटऱ्या तपासल्या. मग डिकी उघडली. पाचवी. सहावी. सहावीपाशी तो थांबला आणि टेस्टर पुन्हा लावला. वेणू खाली उतरून त्याच्या मागं उभी होती.

"ही रिकामी हाय," तो म्हणाला. "पाच भरलेल्या नि ही रिकामी. उभ्या गाडीत काट्याला कळत नाय. एक मेली की बाकीच्यांना वडून खाली नेते. कुनी..."

"आवो," वेणूनं सुरुवात केली.

"मी घेतली," चंदरमामा म्हणाले. ते कधी उतरले होते ते कुणाला कळलं नव्हतं. ते वेणूकडं बघत नव्हते, सरळ मुलाकडं बघत होते. "भोंग्याला. तिला नको बोलू. मी घेतली. मना वाटलं, सहांतली एक."

हरिचंद्र टेस्टरची वायर बोटाला गुंडाळत राहिला. एक सायकलवाला उतारावरून गेला, वळून वळून बघत.

"इचारायचं तरी, बा," तो म्हणाला.

"तू इचारलंस?"

मग हरिचंद्रनं डिकी लावली. "चढ तेवढा दम काढाय पायजेल. म्होरं अंबरनाथपर्यंत उतारच हाय. ढकलू."

"चल," चंदरमामा म्हणाले आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"तू कशाला? तू स्टेरिंगवर बस."

"माजी पोर हाय. मी बसून ऱ्हाऊ?"

"आरं, मग स्टेरिंग कोन धरनार?"

दोघांनीही आत पाहिलं. चंदरमामांनी दार उघडलं. "चिमे, पुढं ये. ल्हानपनी माज्या मांडीवर बसून धरायचीस तसं धर. मदोमद ठेव, बाकी कायबी करू नको."

चिमी शालू सावरत उतरली आणि पुढं जाऊन बसली. मुंडावळ्या मधे यायला लागल्या, त्या तिनं कानामागं टाकल्या. दोन्ही हातांत हिरवा चुडा, आणि त्या हातांत ते मोठं पांढरं चाक. हेमचंद्रनं फेटा काढून मागच्या सीटवर ठेवला आणि म्हणाला, "मामा, माझ्या घरी सांगू नका हां, नाहीतर जन्मभर चिडवतील." चंदरमामा म्हणाले, "जावई, तोंड कमी, जोर जास्त."

गाडी हलली. डाव्या बाजूला हेमचंद्र, मागं मधोमध बाप आणि मुलगा, खांद्याला खांदा. "बा, पाय बघून टाक." "तू तुजा बघ." "हां, आता लाव." "लावतोय ना." वेणू त्यांच्या शेजारी, डिकीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकून. पत्रा उन्हानं तापलेला होता. आता तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, तिच्यातून कुणी बोलत नव्हतं. मागच्या काचेतून तिला चिमीची पाठ दिसत होती. पाठ ताठ होती, आणि खांदे मधूनमधून हलत होते. पुढं चढ संपत आला होता. वर एक वडाचं झाड आणि त्यापलीकडं नुसतं आभाळ.

वृंदा वेणूच्या पदराचं टोक धरून चालत होती. ती थोडी पुढं गेली, खिडकीपाशी टाचा वर करून आत्याकडं बघून आली. मग मागं वळून तिनं उताराकडं पाहिलं. खाली फाटक दिसत होतं, फाटकापलीकडं गावची झाडं.

"आई, आत्या रडतेय."

"हं."

"आपन हात सोडले तर गाडी मागं जाईल ना? आपली आपन? घराकडं?"

वेणू ढकलत राहिली.

"मग सगळे तिला तिकडं कशाला ढकलताय?"